अठरा दिवसांची भरपाई

रामकिशन वस्ताद कशाला म्हणून भीत नाही, अशी मुरुडात त्याची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा काही लहान नव्हता. भर बाजारात उधळलेल्या वळूला आपण शिंगांना धरून बसवलं, ही हकिकत तो वर्षानुवर्षं सांगत आला होता आणि दर वर्षी तो वळू थोडा थोडा वाढत होता. पण चैत्रातल्या त्या सकाळी परसदारी उभं राहून त्याने हातातल्या जर्मलच्या भांड्यात पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरला. भांड्यात त्याच्या भाच्याची, उद्धवची लघवी होती. कोरा चहा उकळून उकळून आटवावा तशी ती काळी होती, आणि होती तीही जेमतेम ओंजळभर.

"आण्णा, काय झालं?" आतून लक्ष्मीबाईने विचारलं.

"काय न्हाई," वस्ताद म्हणाला.

भांडं उकिरड्यावर रिकामं करून टाकावं, असं त्याच्या मनात आलंही. तेवढ्यात बहीण पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिने वाकून पाहिलं. ती किंचाळली नाही. तिने भिंतीचा आधार घेतला.

"हे रगत हाय का?"

"उष्णता असंल. हिवतापातून उठलाय तो."

"तापात अशी न्हवती, आण्णा. कुणी काय केलं माझ्या लेकराला? कुणाची नजर लागली?"

ती एकेक नाव घ्यायला लागली. शेजारीण झाली, चुलत जाऊ झाली, बाजारात परवा उद्धवच्या दंडाकडे टक लावून बघणारी म्हातारी झाली. वस्ताद मान खाली घालून ऐकत होता. नजर कुणाची होती ते त्याला ठाऊक होतं. काल पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत उद्धवच्या मांड्यांवर एकाच माणसाची नजर होती.

लक्ष्मीबाईचा नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा आठ वर्षांच्या उद्धवला घेऊन ती भावाच्या दारात आली होती. उंबऱ्यातच ती म्हणाली होती, "ह्याला मोठा करा आण्णा, मला दुसरं काय नगं." वस्तादाने त्याला मोठा केला. इतका मोठा केला की एकोणिसाव्या वर्षी मुरुडच्या जत्रेत मानाच्या कुस्तीला त्याचं नाव लागलं होतं. आता जत्रा आठ दिवसांवर आली होती, आणि नेमका त्याच्या आधी पोराला हिवताप भरला होता. अठरा दिवस तो घोंगडीखाली कुडकुडत आणि कोयनेलच्या कडू गोळ्या गिळत पडला होता.

आता वस्तादाच्या तालमीचा एक कायदा होता. रोज शंभर बैठका, आणि जेवढे दिवस खाडा तेवढ्या दिवसांच्या बैठका परत आल्यावर एका दमात भरून द्यायच्या. मग खाडा लग्नाचा असो की मयतीचा. वस्तादाच्या वस्तादाने हा कायदा घातला होता आणि त्याच्याही वस्तादाने. एक दिवसाचा खाडा, दोन दिवसांचा खाडा, असं सगळ्यांनीच भरून दिलं होतं. अठरा दिवसांचा खाडा आजवर कुणाचा झाला नव्हता, हे काल पहाटे वस्तादाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण बाकीचे पंधरा जण बघत उभे होते आणि भाचा म्हणून सूट दिली असं कुणी म्हणायला नको होतं.

तालीम भरायची जुन्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दारं लावून. आखाड्याला सरकारची परवानगी लागे. वस्तादाचा अर्ज मुरुडहून उस्मानाबादला गेला होता, तिथून हैदराबादला गेला होता आणि दोन वर्षं झाली तरी हैदराबादेतच मुक्कामाला होता. तेव्हा पोलीसपाटलाला आवाज जाऊ नये म्हणून दारं बंद. आत चैत्राचा पत्रा तापत होता आणि उद्धव बैठका मारत होता.

पाचशेपर्यंत तो हसत होता. आठशेला त्याने पाणी मागितलं. वस्ताद म्हणाला, घाम जिरल्याशिवाय पाणी न्हाई. तापल्या अंगावर पाणी प्यालं की अंग धरतं, छातीत गारठा बसतो, हे तालमीत शिरणाऱ्याला लंगोटाआधी शिकवलं जाई. चूळ भरायची आणि थुंकायची, एवढी मुभा होती. हजारानंतर उद्धव खाली बसताना थरथरायला लागला. मांड्या पेटल्यात वस्ताद, तो म्हणाला. पेटू दे, ताकद शिरून राहिली, असं उत्तर मिळालं. अठराशे झाल्या आणि वर त्या दिवसाच्या शंभर, म्हणजे एकोणीसशे. शेवटच्या पन्नास तो भिंतीला धरून करत होता. संपल्यावर पंधरा जणांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि वस्तादाची छाती फुगली.

दुपारी उद्धवच्या मांड्या सागाच्या ओंडक्यासारख्या टणक झाल्या. वस्तादाने त्या चापटून पाहिल्या आणि मनात खूश झाला. मग तेल लावून, पोराला पालथं घालून, तालमीतल्या रिवाजाप्रमाणे तो स्वतः त्या मांड्यांवर उभा राहिला आणि टाचांनी रगडत राहिला. उद्धव तोंडात पंचा धरून ओरडला. दिवेलागणीला घरी गेल्यावरही आज पाणी नको असं त्याने बजावलं होतं, कारण अंगातली आग निघाली नव्हती. पोराने ते पाळलं. आईला त्याने सांगितलं की तहान नाही.

आणि आता हे भांडं.

शेजारच्या सिद्रामप्पाची बैलगाडी वस्तादाने बोलावली आणि दोघा गड्यांनी मिळून उद्धवला तिच्यात निजवलं. भांडं लक्ष्मीबाईने फडक्याने तोंड बांधून बरोबर घेतलं. त्याचे गुडघे वाकत नव्हते. स्टेशनावर लातूरकडे जाणारी छोटी गाडी उभी होती. या गाडीतून उतरून माणूस रस्त्याच्या कडेला जाऊन येतो आणि परत तिलाच गाठतो, असं लोक चेष्टेने म्हणत, आणि एरवी वस्तादही त्यात हसायला असे. त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर त्याला वाटलं की उतरून गाडी मागून ढकलावी.

उद्धवचे ओठ फुटले होते. लक्ष्मीबाईने तांब्या त्याच्या तोंडाशी नेला. पोराने ओठ मिटून घेतले आणि मामाकडे बघितलं. मामाच्या हाताला त्याचं कपाळ गरम लागत होतं. अंग तापलेलं आहे म्हणजे पाणी नको, हे तीस वर्षं तोंडात बसलेलं होतं, आणि भ्यालेला माणूस तर पाठ असलेलंच जास्त घट्ट धरतो.

"एक घोट घे," तो म्हणाला. "एकच."

पोराने एकच घोट घेतला. थोड्या वेळाने लक्ष्मीबाईला डुलकी लागली, तसा तो हळूच म्हणाला, "वस्ताद, मी आईला आकडा सांगितला न्हाई. तुमी काळजी करू नगा."

खिडकीबाहेर हरंगुळचं माळरान सरकत होतं. वस्तादाला त्याच्याकडे बघवेना. आपल्याला धीर यावा म्हणून हे पोर बोलतंय, हे कळल्यावर त्याला आणखीच भीती वाटली.

डॉक्टर अनंतरावांचा दवाखाना लातूरच्या गंजाजवळ, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेजवळ होता. महायुद्ध संपल्यावर ते फौजेतून परत आले होते. माणूस बोलायला तुटक, पण हात सावकाश. त्यांनी भांड्यातली लघवी उजेडात धरली, उद्धवच्या मांड्यांना बोट लावलं तसा तो विव्हळला, मग मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिले.

"यानंतर लघवी झाली?"

"न्हाई. पहाटेपासून न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाली.

"ताप किती दिवस होता? कोयनेल दिलं होतं?"

तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग दुसऱ्या डोळ्याचीही पाहिली. दुसऱ्या डोळ्याचीही पाहिली हे वस्तादाला अजिबात आवडलं नाही.

"हे बघा," ते शेवटी म्हणाले, "यात दोन शक्यता आहेत. हिवतापात कोयनेलने कधी कधी रक्त आतल्या आत फुटतं आणि लघवी काळी होते. तसं असेल तर याच्या अंगात रक्त आधीच कमी आहे. मी शिरेतून भराभर पाणी सोडलं तर ते छातीत भरेल आणि पोर बुडाल्यासारखं जाईल. पण दुसरं असेल, म्हणजे याचं मांस फुटलं असेल, तर पाणी सोडल्याशिवाय हा वाचणार नाही, आणि तेही आत्ता सोडायला पाहिजे. म्हणून विचारतो. काल याने काय केलं?"

लक्ष्मीबाई भावाकडे बघत होती. काही माहीत असेल तर सांगा, एवढंच तिच्या नजरेत होतं, संशय नव्हता.

"पोतं उचलताना पडलो," खाटेवरून उद्धव म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या कानांकडे पाहिलं, मग वस्तादाच्या कानांकडे. दोघांचेही कान कुस्तीत चुरगळून गोळा झालेले होते.

"तालीमवाले दिसता."

"हाव."

"काल तालीम केली याने?"

"थोडी."

"थोडी म्हणजे?"

वस्तादाने स्वतःला सांगितलं की प्रश्न परवानगीचा आहे. डॉक्टर दवाखान्याच्या रजिस्टरात लिहील, रजिस्टर पोलिसांच्या हाती लागेल, शेडला कुलूप पडेल, पंधरा पोरांना चावडीवर बसवतील. हे सगळं खरंही होतं. पण एवढ्यासाठी त्याची जीभ अडलेली नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं. खरं बोललं की पुढच्या क्षणी बहिणीची ती नजर बदलणार होती, आणि ती बदललेली नजर घेऊन त्याला मुरुडला परत जायचं होतं.

डॉक्टरांनी पुन्हा उद्धवचं मनगट धरलं. या वेळी त्यांची भुवई चढली.

"नाडी मधेच एक ठोका सोडते," ते हळू म्हणाले. "वस्ताद, मी अशी एक केस फौजेत पाहिली आहे. शिक्षा म्हणून एका जवानाला पाठीवर बोजा देऊन भर उन्हात पळवलं होतं. त्याच्याबरोबर आलेला हवालदारही मला म्हणाला होता, थोडंसंच पळवलं."

"वाचला का तो?"

"नाही. हवालदाराने खरं सांगेपर्यंत दोन दिवस गेले होते."

"एकोणीसशे," वस्ताद म्हणाला.

"काय एकोणीसशे?"

"बैठका. अठरा दिवस खाडा झाला, त्याच्या अठराशे आन् कालच्या शंभर. एका दमात. शेडची दारं बंद होती." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "पाणी दिलं न्हाई. आत्ता गाडीत एक घोट दिला तेवढाच. आन् दुपारी मी मांड्यांवर उभा राहिलो. रगडलं. लई रगडलं, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर शिव्या देतील, अशी त्याची अपेक्षा होती. ते कपाटाकडे धावले. पटकीच्या रोग्यांसाठी ठेवलेल्या सलाईनच्या दोन बाटल्या त्यांनी काढल्या, सुई उकळत्या पाण्यातून घेतली आणि उद्धवचा दंड बांधला. मग लक्ष्मीबाईला म्हणाले, "बाई, घागरभर गार पाणी आणा. प्रत्येक पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा आणि पाजत राहायचं. दर पंधरा मिनिटांना एक पेला. ओकला तरी परत पाजायचं."

"नारळाचं पाणी आणू का? गंजात मिळतंय," ती म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी लांबून येत होता.

"ते नको. फुटलेल्या मांसातला जो क्षार याच्या काळजाला अडवतोय, तोच नारळात असतो. साधं पाणी."

ती निघाली. दारात थांबून तिने भावाकडे एकदा पाहिलं. हात उगारला असता, शिव्या घातल्या असत्या, तर वस्तादाने त्या अंगावर झेलल्या असत्या. तिने नुसतं पाहिलं आणि ती आडावर गेली.

पहिला पेला आला. उद्धवने तो हुंगला आणि तोंड फिरवलं.

"अंग तापलंय," तो पुटपुटला. "घाम जिरला न्हाई, वस्ताद."

"पी."

"कायदा हाय आपला..."

"खड्ड्यात गेला कायदा! पी म्हणतो न्हवं तुला!" वस्ताद ओरडला आणि त्याचा आवाज मधेच फाटला. तीस वर्षांत त्याच्या तोंडून असा आवाज कुणी ऐकला नव्हता. पोर दचकलं आणि गटागटा प्यायलं. पेला संपल्यावर त्याने जीभ फिरवून ओठावरचे थेंबही चाटले.

मग वाट बघण्याशिवाय काही उरलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. फुटलेल्या मांसाचा रंग रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत जाऊन बसतो. भरपूर पाणी गेलं तर तो वाहून जातो, नाही तर गाळणी बुजते. संध्याकाळपर्यंत लघवी सुटली तर पोर आपलं. नाही सुटली तर त्यावर लातुरातच काय, मुंबईतही इलाज नाही.

दुपार झाली. गंजात हमाल ओरडत होते, बैलगाड्या येत होत्या, आणि दवाखान्याच्या त्या खोलीत तीन मोठी माणसं एका पोराच्या लघवीची वाट बघत बसली होती.

"मांड्या टणक झाल्या होत्या," वस्ताद म्हणाला. कुणाला तरी विचारल्याशिवाय त्याला राहवेना. "टणक म्हंजे ताकदच की. आमी तसंच बघतो."

अनंतरावांनी थेंब मोजता मोजता मान हलवली. "तुम्ही कुस्तीत झपकन पट काढता ना, त्याला लागणारं जळण मांसात तयारच असतं. पण ते दहा मोजेपर्यंत संपतं. मग मांस आपल्यातली साखर जाळतं, आणि घाईने जाळतं, हवा पोचायची वाट बघत नाही. ते मिनिट दोन मिनिटं चालतं, पण तेव्हा आग होते."

"मांड्या पेटतात."

"हो. ती आग म्हणजे मांस म्हणतंय, थांब, मला श्वास घेऊ दे. कारण त्यापुढचं काम श्वासावरच चालतं, सावकाश चुलीसारखं. रोजचा पैलवान त्या चुलीवर हजार बैठका काढेल. त्याचं मांस सवयीचं झालेलं असतं. हा अठरा दिवस अंथरुणात होता. याची चूल विझत आली होती आणि तुम्ही तिच्यावर लग्नाचा स्वयंपाक चढवलात."

वस्तादाने पुढचा पेला उचलून उद्धवच्या तोंडाशी धरला.

"आणि बैठकीत उठताना नाही, खाली बसताना जास्त फाटतं. अंगाचा भार तोलत मांसाला ताणलं जावं लागतं ना, तेव्हा. राहिला टणकपणा." डॉक्टर जरा थांबले. सांगावं की नाही, असं त्यांना वाटलं असावं. "मांसाला घट्ट व्हायला जळण लागतं, तसं सैल व्हायलाही लागतं. जळण पार संपलं की ते आवळलेलं सुटत नाही. मेलेला माणूस काही वेळाने ताठ होतो ना, तो याचसाठी. तुम्ही काल ज्याला ताकद म्हणालात ते तेच होतं. पोर जिवंत होतं आणि मांड्या मरायला लागल्या होत्या."

वस्तादाला काल दुपारी त्या मांड्यांवर मारलेल्या चापट्या आठवल्या. त्या चापट्या मारताना आपण हसत होतो, हेही आठवलं. उठून बाहेर जावं असं त्याला वाटलं, पण आपण बाहेर गेलो आणि तेवढ्यात काही झालं तर, या धास्तीने तो जागचा हलला नाही.

पाचवा पेला झाला, आठवा झाला. नवव्याला उद्धव ओकला. लक्ष्मीबाईने त्याचं तोंड पुसलं आणि दहावा भरला. पोट तुंबल्यासारखं दिसायला लागलं, पण लघवी नाही. तोंडावर सूज चढली. मधेच त्याला ग्लानी आली आणि तो मोजायला लागला, सोळाशे बारा, सोळाशे तेरा. वस्तादाने त्याच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. आपल्याच आवाजातला तो ठेका पोराच्या तोंडून त्याला ऐकवेना.

"किती वेळा मागितलं त्यानं पाणी?" लक्ष्मीबाईने विचारलं. सकाळपासून ती भावाशी पहिल्यांदाच बोलत होती. नजर तिची पेल्यावरच होती.

एकदा, असं म्हणता आलं असतं. उद्धवने खोटं पाडलं नसतं. उलट शपथ घेऊन साक्ष दिली असती.

"चार वेळा."

"आन् तुमी काय म्हणलात?"

"पैलवानाला तहान लागत न्हाई, म्हणलो."

सोडा टाकून ती बोटाने पाणी ढवळत राहिली, सोडा विरघळून गेल्यावरही ढवळत राहिली.

चार वाजले. डॉक्टरांनी दुसरी बाटली संपत आल्याचं पाहिलं आणि ते पुन्हा नाडी बघायला बसले. या खेपेला त्यांनी फार वेळ घेतला. वस्ताद त्यांच्या तोंडाकडे बघत होता. कुस्तीत समोरच्याचा खांदा कुठे झुकतोय ते त्याला आधी कळे, पण या माणसाच्या तोंडावरून त्याला काही कळेना. त्याने मारुतीला नवस बोलायचा प्रयत्न केला आणि त्याला शब्द सुचेनात. तालमीतल्या ज्या मारुतीला साक्षी ठेवून पाणी नाकारलं, त्याच्याकडे आता काय तोंडाने मागायचं?

उन्हं कलली. खोलीतली सावली भिंतीवर चढायला लागली आणि वस्तादाच्या मनाने ते व्हायच्या आधीच बघायला सुरुवात केली. परतीच्या छोट्या गाडीत पांढऱ्या कापडाखाली पोर. मुरुडच्या स्टेशनावर उभे राहिलेले पंधरा जण. आणि लक्ष्मी, जिला पुन्हा त्याच घरात, त्याच उंबऱ्यातून आत यावं लागणार होतं, कारण तिला दुसरं घर नव्हतं. त्याचे दात एकमेकांवर आपटायला लागले. चैत्राच्या उकाड्यात तो मोठा गडी हिवताप भरल्यासारखा काकडत होता.

"वस्ताद," उद्धव म्हणाला.

"काय? काय होतंय?"

"धरा मला. लागली वाटतं."

वस्तादाने त्याला बगलेत हात घालून उचललं. पोराचे पाय जमिनीला टेकत होते, पण भार घेत नव्हते. सगळा भार मामाच्या दोन हातांत होता. डॉक्टर हात धुवायला बाहेर गेले होते. वस्तादाने एका हाताने उद्धवला छातीशी आवळलं आणि दुसऱ्या हाताने जर्मलचं भांडं धरलं. काही आलं नाही. मग एक थेंब पडला. मग दुसरा. पोराने वेदनेने त्याच्या खांद्यात दात रोवले. आणि मग धार लागली. आधी अडखळत लागली, नंतर सलग, आणि भांड्याचा आवाज बदलत बदलत वर चढत गेला.

लक्ष्मीबाई धावत आली. तिने भांड्यात पाहिलं आणि दिवसभर दाबून धरलेली किंकाळी तिच्या तोंडातून फुटली. सकाळी चहासारखी होती ती आता डांबरासारखी झाली होती.

"अगं बया! आण्णा, आणखी काळी झाली! गेलं माझं लेकरू!"

"काळीच पायजे!" वस्ताद ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. त्याला स्वतःलाच ते आवरता येत नव्हतं. "काळी हाय, लक्ष्मी! लई काळी हाय! आतली घाण भाईर निघून राहिली! बघ, भांडं भरलं! डॉक्टर! डॉक्टरसाहेब, काळी आली!"

गंजातले दोन हमाल खिडकीशी थबकले. आत एक धिप्पाड मिशाळ गडी लघवीचं भांडं हातात घेऊन रडतोय आणि हसतोय, हे बघून ते पुढे निघून गेले. अनंतराव ओल्या हातांनी धावत आले. त्यांनी भांडं उजेडात धरलं, हलवून पाहिलं आणि दिवसात पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

"गाळणी उघडली," ते म्हणाले. "अजून आठवडाभर घाबरायचं आहे. पण उघडली. पाणी चालू ठेवा."

वस्तादाला पुढचं नीट ऐकू आलं नाही. तो उद्धवच्या खांद्यावर तोंड खुपसून हुंदके देत होता, आणि त्या हुंदक्यांनी त्याच्या हातातलं पोर हेलकावे खायला लागलं होतं.

लक्ष्मीबाईने पुढचा पेला भरला आणि ती दोघांच्या समोर येऊन उभी राहिली. तिने भावाचे डोळे पुसले नाहीत.

"रडायचं नंतर," ती म्हणाली. "आधी धरा त्याला नीट. पडंल ते."